सकाय, आभाय आणि शेचाळीस दुरुस्त्या

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अंकाचं प्रकाशन चाललं होतं. पंचेचाळीस-पन्नास माणसं, चहा झालेला, नव्या अंकाचा शाईचा वास अजून गेलेला नाही. अमळनेरकडच्या एका खेड्यातून आलेल्या सत्तरीच्या कवयित्री उठल्या, चष्मा लावला, अंकातलं आपलं पान काढलं आणि वाचायला लागल्या. दुसऱ्याच ओळीला थांबल्या. पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. मग अंक मिटून टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि सगळी कविता तोंडपाठ म्हटली. भरपूर टाळ्या पडल्या. जागेवर परतताना माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "माय, हाई मन्ही कविता नही."

या एका वाक्यापासून पुढचे नऊ महिने आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. बोलीतल्या कविता छापणाऱ्या, गावागावांत कवितावाचनं घेणाऱ्या बऱ्याच जणांना ते उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं.

आमचं त्रैमासिक जळगावातून निघतं. सातवं वर्ष आहे. डेमी आकाराची ६४ पानं, म्हणजे सोळा पानी चार फर्मे, मध्ये पिन मारलेली. ५०० प्रती छापतो, त्यातले ३१० वर्गणीदार. अनुदान नाही, जाहिरात मिळालीच तर मागच्या मुखपृष्ठापुरती. काम करणारे तिघं: मी, हिशेब आणि पाकिटं सांभाळणारी माझी मैत्रीण आणि मुद्रितं तपासणारे एक निवृत्त मराठीचे शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. सरांनी सात वर्षांत एका पैशाचं मानधन घेतलेलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या अंकात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही, हा आमचा अभिमान होता.

खानदेशात कवितेचं काम करताना पाठीशी मोठी माणसं उभी असतात. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते आणि त्यांनी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' म्हटलं. धुळ्यातून १९८५ पासून पुरुषोत्तम पाटलांनी फक्त कवितेला वाहिलेलं 'कवितारती' चालवलं. मोठ्या शहराबाहेर राहून, एका माणसाच्या चिकाटीवर, कवितेचं नियतकालिक किती वर्षं टिकू शकतं हे आम्ही तिथून शिकलो. आणि बहिणाबाई तर आमच्या घरातल्याच. त्यांच्याकडे मी परत येणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणाचं उत्तर त्यांच्याच एका शब्दात होतं आणि ते आम्हाला फार उशिरा दिसलं.

विशेषांकाची कल्पना साधी होती. अहिराणी आणि तावडी या आपल्या भागातल्या दोन बोलींमधल्या आज लिहिल्या जाणाऱ्या कविता एकत्र आणायच्या. अकरा कवींच्या चोवीस कविता जमल्या. सात जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठवल्या, तिघांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले, आणि मावशींची, म्हणजे त्या सत्तरीच्या कवयित्रींची कविता त्यांच्या नातवानं त्यांच्याकडून ऐकून फोनवर टाईप केली. अक्षरजुळणी झाली, मुद्रितं सरांकडे गेली, लाल खुणांसह परत आली, दुरुस्त्या झाल्या, फाईल छापखान्यात गेली. नेहमीचीच साखळी. मी शेवटचं मुद्रित पाहिलं ते पानांची मांडणी आणि अनुक्रमणिका तपासायला. कविता वाचल्या नाहीत. निवडताना वाचल्याच होत्या, असं मनात होतं.

प्रकाशनाच्या रात्री घरी येऊन मूळ पानं आणि छापील अंक शेजारी शेजारी ठेवले. मावशींनी तोंडपाठ म्हटलेल्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

उठनी सकाय, उठनी माय,
चुल्हामोऱ्हे वाकनं आभाय.

आणि छापलं होतं:

उठनी सकाळ, उठनी माय,
चुल्हामोर्हे वाकनं आभाळ.

अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा नाही, डोया. काळी माती नाही, कायी माटी. सकाय, माय, आभाय अशी तीन पावलं टाकत ती कविता चालत होती. सकाळ-आभाळ केल्यावर 'माय' एकटी पडली. पूर्ण कवितेत नऊ कडवी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'माय'शी जुळणारा शब्द, आणि त्यातले सहा आम्ही मोडले होते. ज्या बाईनं आयुष्यभर जात्यावर आणि शेतात गाणी म्हटली, तिची जीभ त्या ओळीला अडखळली नसती तरच नवल.

रात्री दीडपर्यंत बसून चोवीस कविता ताडून पाहिल्या. ४६ ठिकाणी बदल सापडले. त्यातले १७ 'य'चे 'ळ' केलेले. १४ ठिकाणी 'न'चा 'ण' झालेला: पानी, लोनी, कोन यांचं पाणी, लोणी, कोण. सहा ठिकाणी क्रियापद किंवा प्रत्यय बदललेला, 'माले'चं 'मला', 'जास'चं 'जातो'. उरलेले नऊ वेगळ्याच जातीचे होते आणि त्यात सरांचा हात अजिबात नव्हता. 'मोऱ्हे', 'जाई ऱ्हायना' यांतला 'ऱ्ह' मोडून रफार झाला होता. मोबाईलवर साधा र, हलन्त आणि ह टाईप केला की रफार उमटतो. आपल्या मराठी 'ऱ्ह'साठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो आणि तो बऱ्याच कळफलकांवर दुसऱ्या पानावर किंवा लांब दाबल्यावर मिळतो. नातवाला तो सापडला नव्हता. ज्यांनी तो नीट टाईप केला होता त्यांचा मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये नेताना बिघडला. अहिराणीत हे अक्षर पावलोपावली येतं. 'करी ऱ्हायनू', 'येई ऱ्हायनी' ही तर चालू वर्तमानकाळाची रोजची रूपं. म्हणजे ज्या अक्षरावर या बोलीचं अर्धं बोलणं उभं आहे, तेच आमच्या साखळीत सर्वांत कच्चं निघालं.

सरांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांच्या हातात मुद्रितं देताना 'बोली आहे, हात लावू नका' एवढं एक वाक्य मी सांगितलं नव्हतं. त्यांनी उघड बोलीतले शब्द तसेच ठेवले होते. 'उठनी'ला, 'वाकनं'ला, 'शे'ला धक्का लावला नाही. पण 'सकाय', 'पानी' हे त्यांना टंकदोष वाटले. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या डोळ्याला ते दुसरं काही वाटणंही अवघड होतं. संपादक मी होते आणि चूक माझी होती.

एक गोष्ट नशिबानं आमच्या बाजूनं होती. वर्गणीदारांची ३१० पाकिटं पत्ते चिकटवून तयार होती, पण टपालात पडली नव्हती. प्रकाशनाला साठेक प्रती गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बसलो. पर्याय तीन होते. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापायचं. पाकिटात शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायची. किंवा पुन्हा छापायचं. शुद्धिपत्रावर माझा विश्वास नाही, कवितेच्या बाबतीत तर मुळीच नाही. लेखातली सनावळी चुकली तर चिठ्ठीनं सुधारते. कवितेला 'पान २३, ओळ २, सकाळऐवजी सकाय वाचावे' असं सांगून काय होणार? वाचणाऱ्याच्या कानात ती एकदा चुकीची वाजून गेलेली असते.

पूर्ण अंक पुन्हा छापायला पैसे नव्हते. छापखान्याच्या मालकांनी सुचवलं की फक्त कवितांची ३२ पानं वेगळी छापून पुरवणी म्हणून अंकात घालू. खर्च ८,२०० रुपये. तो काढण्यासाठी पुढचा अंक ६४ ऐवजी ४८ पानांचा करायचं ठरलं. वर्गणीदारांना पत्र लिहिलं, चूक काय झाली ते उदाहरणासह सांगितलं, अंकाला महिनाभर उशीर होईल असं कळवलं.

पण पुरवणीचा मजकूर बरोबर आहे हे ठरवणार कोण? मी तर अहिराणी ऐकत वाढलेली, लिहिणारी नव्हे. आणि मूळ पानं म्हणजे तरी काय, नातवानं टाईप केलेली, कुणी घाईत फोटो काढलेली. म्हणून अकराही कवींना बोलावलं. दोघांना येणं जमलं नाही, त्यांनी फोनवर वाचून दाखवलं. बाकीचे नऊ जण दोन रविवार माझ्या घरी बसले. पद्धत अशी ठेवली की कवीनं कागद न बघता म्हणायचं आणि आम्ही कागदावर नजर ठेवायची. तोंड आणि कागद जिथे वेगळे होतील तिथे पेन्सिलीनं गोल करायचा, मध्ये टोकायचं नाही. कविता संपल्यावर एकेक गोल विचारायचा.

त्या दोन रविवारांत जे कळलं ते सात वर्षांच्या संपादनात कळलं नव्हतं. एक तर, कवींनी स्वतःच स्वतःला प्रमाण मराठीकडे ओढून घेतलेलं होतं. चाळीसगावकडचा एक तरुण शिक्षक कवी बोलताना 'पानी' म्हणत होता आणि त्याच्या स्वतःच्या अक्षरात 'पाणी' होतं. विचारलं तर म्हणाला, "ताई, लिहायला बसलो की शाळा आठवते." दुसरं, कवी कवींत एकमत नव्हतं. तापीकाठचा 'य' आणि साक्रीकडचा 'य' एकाच वजनाचा नाही. एकच शब्द दोघं दोन तऱ्हांनी लिहीत होते आणि दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर होते. माझ्यातली संपादिका लगेच म्हणाली, अंकभर एकच लेखन ठेवू. मावशी तिथे होत्या. त्यांनी विचारलं की मग कुणाच्या गावचं ठेवशील? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की एकसारखेपणा कवीपुरता, अंकापुरता नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे म्हणताना कविता बदलते. मावशी दर तिसऱ्या कडव्यानंतर पहिली ओळ पुन्हा घेत होत्या, कागदावर ती एकदाच होती. दोन कडव्यांचा क्रम त्यांनी दोन वेळा दोन प्रकारे म्हटला. कुठला खरा? आम्ही त्यांना विचारलं, त्यांनी थोडा विचार करून एक निवडला आणि तोच छापला.

याच बैठकीत सर आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून आले, मावशींच्या समोर बसले आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या कवितेला मी लाल पेन लावला, माझं चुकलं." मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या घरच्यांची चौकशी केली.

पण सरांनी एक मुद्दाही मांडला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. आपले निम्मे वर्गणीदार खानदेशाबाहेरचे. साताऱ्याच्या, मालवणच्या वाचकाला 'मोऱ्हे' म्हणजे पुढे हे कळणार नाही. संपादकानं वाचकाचा विचार करायचा की नाही? खूप वेळ बोलणं झालं. शेवटी पानाखाली शब्दार्थ द्यायचं ठरलं, तेही प्रत्येक शब्दाचे नाहीत, अडेल तेवढ्याचेच. 'आंडेर म्हणजे मुलगी' हे सांगायला हवं, 'पानी' म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. कवितेच्या आत मात्र हात घालायचा नाही. इथे मी सर्वांना बहिणाबाईंचा तो शब्द दाखवला. 'मन वढाय वढाय.' त्यांची बोली अहिराणी नव्हे, तावडी-लेवा वळणाची, पण 'ळ'चा 'य' तिथेही आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून ठेवली आणि त्या १९५१ मध्ये गेल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपात आली. उतरवणाऱ्यांपैकी किंवा छापणाऱ्यांपैकी कुणी 'वढाय'चं 'वढाळ' केलं असतं तर ते अगदी शुद्ध मराठी झालं असतं. अख्ख्या महाराष्ट्राला 'वढाय' पाठ आहे आणि कुणालाही त्याचा अर्थ अडत नाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं."

या बोलींकडे बघण्याचा घोळ जुना आहे. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी, जिच्यात आमची अहिराणी येते, ती मराठीच्या खंडात नाही, भिल्ली भाषांसोबत नवव्या खंडात आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी नोंद आहे आणि तिच्याखाली मोजलेले अठरा लाखांहून जास्त आहेत. शाळेत मात्र तीच 'अशुद्ध मराठी' ठरते. भाषा की बोली हा वाद विद्वानांनी मिटवावा. आमच्यापुरता प्रश्न एवढाच होता की त्या चोवीस कविता ज्या तोंडातून आल्या, त्याच तोंडाच्या राहाव्यात.

पुरवणी निघाली. ३१० पाकिटं पुन्हा उघडून तिघांनी एका दुपारी ती आत सरकवली. प्रकाशनाला गेलेल्या साठ प्रतींपैकी बावन्न जणांपर्यंत फोन करून पुरवणी पोचवली, आठ जण सापडले नाहीत.

इथपर्यंत सगळं चांगलं वाटतं. पुढच्या अंकात आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो, तेही नोंदवायला हवं. हात पोळल्यामुळे बोलीतल्या कवितेला काही म्हणायचीच भीती बसली. चार कविता अशा छापल्या ज्या कविता म्हणून ढिल्या होत्या. एकीत शेवटची दोन कडवी नुसता उपदेश, दुसरीत माय-माती-नांगर एवढेच शब्द फिरून फिरून आलेले. प्रमाण मराठीत त्या आल्या असत्या तर मी पत्र लिहून पुन्हा लिहायला सांगितलं असतं. बोलीत होत्या म्हणून सांगितलं नाही. धुळ्याच्या एका जुन्या वर्गणीदारानं पत्रात स्पष्ट लिहिलं की हा बोलीचा मान नाही, ही तर दया झाली. ते पत्र मी कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. शब्दाचं रूप कवीचं, पण कविता बांधली गेली आहे की नाही हे बोलायचा हक्क आणि जबाबदारी संपादकाची, हा फरक आम्हाला त्या पत्रानं शिकवला.

आमचं मासिक कवितावाचन दुसऱ्या शनिवारी व्हायचं. तोपर्यंत ते अंकाच्या मागून चालायचं. अंक निघाला की त्यातल्या कविता वाचायच्या, निवेदक, हारतुरे, शाल-श्रीफळ, शेवटी आभार. आता ते अंकाच्या पुढे आणलं. छापायला निवडलेली प्रत्येक कविता आधी तिथे कवीनं म्हणायची. बारा कवी, प्रत्येकी दोन कविता. निवेदक काढून टाकला, सत्कार बंद केले, माईकही नको म्हटलं, कारण माईकसमोर माणसं आवाज बदलतात आणि त्याबरोबर बोलीही. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करतो. दोघं जण कागद आणि पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेत बसतात. गोलांची चौकशी चहाच्या वेळी होते आणि आता श्रोतेही तिच्यात उतरतात. एकदा पारोळ्याच्या मुलाच्या ओळीतला एक शब्द त्याच्याच गावच्या एका म्हाताऱ्या श्रोत्यानं दुरुस्त केला आणि ओळ एकदम सरळ उभी राहिली. पूर्वी लोक टाळ्या वाजवून घरी जायचे, आता थांबतात.

जुन्या फॉन्टमधली जुळवणी पूर्ण सोडली, सगळं युनिकोडमध्येच. कवींना 'ऱ्ह' कसा टाईप करायचा याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवतो. आणि छापखान्यात प्लेट बनायच्या आधी शेवटच्या फाईलची कागदावर छापील प्रत मागतो, पडद्यावर बघून मंजुरी देत नाही. कवितेखाली क्यूआर कोड छापतो, तो मोबाईलवर उघडला की कवीचा आवाज ऐकू येतो.

त्यानंतरच्या दोन अंकांत बोलीतल्या सत्तावीस कवितांमध्ये तीन चुका राहिल्या. पैशाच्या बाजूनं काही चमत्कार झालेला नाही. चौदा वर्गणीदारांनी नूतनीकरण केलं नाही, एकवीस नवे आले, त्यातले बरेच शनिवारच्या बैठकीतून. ४८ पानांचा अंक आम्ही तसाच ठेवला आहे, ६४ वर जायला अजून जमलेलं नाही.

मावशी दोनदा येऊन गेल्या. तीन राहिलेल्या चुकांपैकी एक पुन्हा त्यांच्याच कवितेत होती, एका 'ऱ्हायनी'चा रफार. त्यांनीच ती दाखवली, सरांनी माझ्याआधी वहीत उतरवून घेतली. पुढच्या अंकासाठी एकतीस कविता निवडल्या आहेत. एकोणीस ऐकून झाल्या, उरलेल्या बारांना येत्या दुसऱ्या शनिवारी बोलावलं आहे.